रेकॉजिटो

रेकॉजिटो हे मजकुरातील स्थळनामांची नकाशावरील स्थानांशी जोडणी करण्यासाठी तयार केलेले मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. ते आंतरजालाच्या न्याहाळकातून वापरले जाते. प्राचीन ग्रंथ, प्रवासवर्णने, दप्तरे आणि जुने नकाशे यांचा भौगोलिक अभ्यास करणारे संशोधक हा त्याचा मुख्य वापरकर्ता वर्ग आहे.

पार्श्वभूमी

प्राचीन जगाविषयीची संगणकीय साधने स्थळांच्या आधारे परस्परांशी जोडावीत, या हेतूने 2011 मध्ये पेलाजिओस हा प्रकल्प सुरू झाला. ‘पेलाजिओस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘समुद्राचा’ असा आहे. लीफ आयझाक्सन, एल्टन बार्कर आणि रायनर सायमन हे या प्रकल्पाचे प्रमुख अभ्यासक होत. अँड्र्यू डब्ल्यू. मेलन प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य त्यास लाभले. रेकॉजिटोची नव्याने लिहिलेली दुसरी आवृत्ती 2016 च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिची आज्ञावली अपाचे 2.0 परवान्याखाली खुली असल्याने कोणत्याही संस्थेस ती स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते व तीत बदलही करता येतात.

कार्यपद्धती

वापरकर्ता प्रथम साधा मजकूर, टीईआय पद्धतीने चिन्हांकित केलेला मजकूर किंवा नकाशाचे छायाचित्र चढवतो. त्यानंतरचे काम तीन टप्प्यांत होते.

1. ओळख : मजकुरातील स्थळनाम निवडून त्यावर खूण केली जाते. इंग्रजीसारख्या काही भाषांत विशेषनामे आपोआप ओळखण्याची सोय आहे.
2. निश्चिती : ते नाव स्थळकोशातील योग्य नोंदीशी जोडले जाते. प्राचीन स्थळांसाठी प्लायडीस, तर आधुनिक स्थळांसाठी जिओनेम्स हे खुले स्थळकोश उपयोगी पडतात. यंत्राने सुचवलेली जोडणी माणसाने तपासेपर्यंत ‘अपडताळित’ राहते.
3. दर्शन : जोडलेली स्थळे नकाशावर बिंदुरूपाने दिसतात. बिंदूवर टिचकी मारल्यास त्या स्थळाचा उल्लेख असलेली मूळ वाक्ये समोर येतात.

तयार झालेली माहिती सीएसव्ही, जिओजेसॉन, आरडीएफ इत्यादी स्वरूपांत उतरवून घेता येते. त्यामुळे ती लीफलेट या मुक्त स्रोत नकाशा-संचात किंवा क्यूजीआयएस या प्रणालीत पुन्हा वापरणे शक्य होते.

स्थळनिश्चितीचा प्रश्न

नाव सापडणे आणि स्थळ सापडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यात बॅरिगाझापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठान आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर ही नगरे असल्याचे म्हटले आहे. बॅरिगाझा म्हणजे भडोच आणि पैठान म्हणजे पैठण, याविषयी फारसा वाद नाही. तगरासाठी मात्र दौलताबाद, जुन्नर अशी निरनिराळी स्थळे सुचवली गेली होती. 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी आताच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हेच तगर असल्याचे प्रतिपादन केले व ते पुढे सर्वसाधारणपणे मान्य झाले.

अशा प्रसंगी नकाशावरील बिंदू हा निर्विवाद पुरावा नसून एका अभ्यासकाचा निर्णय असतो. हा निर्णय कोणी घेतला, कधी घेतला आणि कोणत्या नोंदीवर बेतला, याचा इतिहास रेकॉजिटोमध्ये जतन होतो. ज्या नावाचे स्थळ ठरवता येत नाही, त्यावर तशी खूण करून ते नकाशावर न दाखवण्याचीही सोय आहे. निर्णयाला टिपणाची जोड दिल्यास पुढील अभ्यासकाला तो तपासता येतो.

मराठी मजकुराच्या संदर्भात

मराठीत विभक्तिप्रत्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते. ‘पुणे’ हे नाव ‘पुण्यास’, ‘पुण्याहून’, ‘पुण्यातील’ अशा रूपांत येते. त्यामुळे केवळ मूळ शब्द शोधून सर्व उल्लेख हाती लागत नाहीत. देवनागरीत मोठ्या-लहान अक्षरांचा भेद नसल्याने विशेषनाम वेगळे दिसत नाही. ‘ठाण्यात गेला’ या वाक्यातील ठाणे हे शहर की पोलीस ठाणे, हे संदर्भावरूनच कळते. ‘पेठ’ हा शहराचा भाग असू शकतो, तसेच नाशिक जिल्ह्यातील तालुक्याचे गावही. वडगाव नावाची गावे तर महाराष्ट्रात अनेक आहेत. म्हणून मराठी बखरी, पत्रव्यवहार किंवा प्रवासवर्णने नकाशाशी जोडताना स्थळनामांवर हाताने खूण करणे आणि जाणकाराने प्रत्येक जोडणी पडताळणे आवश्यक ठरते.