आजोबांच्या नावावरची स्कूटर

कुडाळच्या एका घराच्या पडवीत ती उभी होती. राखाडी रंगाची, 2016 ची, गिअर नसलेली. मागची सीट फाटलेली, त्यावर चिकटपट्टी. मालकांनी किल्ली हातात दिली, आत चहा सांगितला आणि चहा यायच्या आधीच म्हणाले, "फॉर्मार सही करून ठेवलंय. नाव काय, मागाहून कधीय करूक येता."

आमच्या घरात या वाक्याची भीती आहे. कारण आजोबा, आणि आजोबांनी कधीच न चालवलेली स्कूटर.

आजोबा मुंबईत गिरणीत होते. लालबागच्या एका खोलीत मालवणच्याच बाराजणांबरोबर राहायचे. त्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. तरी 1976 च्या सुमारास त्यांनी पैसे भरून प्रिया स्कूटर बुक केली. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. आज दुकानात जाऊन दुपारपर्यंत गाडी घरी आणता येते, त्यामुळे आपल्याला तो काळ डोळ्यांपुढे आणणं कठीण जातं.

तेव्हा किती स्कूटर बनवायच्या हे कारखान्याच्या हातात नव्हतं, सरकारी परवान्यात लिहिलेलं असायचं. मागणी कितीही वाढली तरी आकडा परवान्यातलाच. बजाजने सुरुवातीला इटलीच्या व्हेस्पा आयात केल्या, मग 1960 मध्ये पियाज्जोशी करार करून इथे बनवायला घेतल्या. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये चेतक आली. महाराष्ट्र सरकारच्या महामंडळाला सोबत घेऊन 1975 मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी निघाली, तिची साताऱ्याची प्रिया. एवढं सगळं होऊनही चेतकसाठी दहा-दहा वर्षं थांबलेले लोक होते. स्कूटर कोणाला आणि कशी विकायची यासाठी 1960 पासून वेगळा नियंत्रण आदेशच होता.

टंचाई असली की जुन्या वस्तूचा भाव उलटा चालतो. वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा महाग विकली जायची, कारण ती आज मिळत होती. म्हणून ज्यांना स्कूटर चालवायचीच नव्हती तेही बुकिंग करून ठेवायचे. नंबर लागला की वरचे पैसे घेऊन विकायची. आजोबांच्या लेखी ती भिशीच होती. आत्याच्या लग्नासाठी.

नंबर लागला 1982 मध्ये. त्याच वर्षी 18 जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांत आजोबा. पत्र आलं तेव्हा खोलीचं भाडं थकलेलं. ओळखीच्या एकाने पैसे भरले, स्कूटर सोडवली, वरचे पैसे आजोबांच्या हातात ठेवले आणि गाडी घेऊन गेला. आजोबांनी दाखवल्या तिथे सह्या केल्या. नाव मागाहून करतो, असं तो म्हणाला होता.

चार वर्षांनी मालवणच्या घरी रजिस्टर पोस्टाने नोटीस आली. त्या स्कूटरने मुंबईत एका माणसाला धडक दिली होती. विमा संपलेला. घेणाऱ्याचा पत्ता बदललेला. सरकारी नोंदीत मालक एकच: आजोबा. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. आजोबा रात्रीच्या एसटीने मुंबईला तारखांना जायचे, एक तारीख म्हणजे दोन रात्री बसमध्ये. शेवटी तडजोड झाली. आजीच्या पाटल्या गेल्या. ज्या माणसाला धडक बसली तो पुढे नीट चालू लागला का, हे आजोबा बरीच वर्षं विचारत राहिले. सांगणारं कोणी नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, हा जुना जमाना झाला. परवाने गेले, 1984 मध्ये कायनेटिक होंडा बटणावर सुरू झाली, 1991 नंतर थांबायची यादी इतिहासजमा झाली, आणि आज जुनी स्कूटर नव्यापेक्षा स्वस्तच मिळते. पण कागदाचा हा भाग तसाच राहिला. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर. त्या निकालातली गाडी अशीच हातोहात विकत गेली होती.

म्हणून मी चहा पिता पिता त्या काकांना आजोबांची गोष्ट सांगितली. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी सांगते, म्हटलं. गाडी मी ठोकली तर नोटीस तुम्हाला येईल. ते बराच वेळ बशीकडे बघत राहिले. मग मुलाला हाक मारली.

ॲपमध्ये नंबर घातला तर आणखी एक गंमत. गाडीवर कर्जाची नोंद अजून होती. हप्ते कधीचेच फिटले होते, पण कंपनीचं ना हरकत पत्र आणून नोंद उतरवायला कोणी गेलंच नव्हतं. त्यासाठी फॉर्म 35. नाव बदलायला 29 आणि 30. मी विसार दिला आणि बसने घरी आले. तीन आठवडे गेले त्यात.

मधल्या काळात गॅरेजवाल्या चुलतभावाला गाडी दाखवली. मी इंजिनाचा आवाज ऐकत होते. तो म्हणाला, "इंजिन मगे. आधी पाय ठेवतंस ता रबर उचल." आमच्या किनाऱ्यावर स्कूटर इंजिनामुळे मरत नाही, गंजाने मरते. पायाशी मासळीचा क्रेट ठेवतात, त्याचं खारं पाणी रबराखाली साठतं आणि पत्रा आतून खातं. वरून रंग छान. त्याने पान्याच्या टोकाने पत्रा ठोकून बघितला, चेसिस नंबर कापडाने पुसून कागदाशी ताडला, पुढचं चाक उचलून हलवलं. पत्रा शाबूत होता. पुढचा टायर मात्र गुळगुळीत. तो बदलायचे पैसे किमतीतून कमी करून घेतले, आणि बदलल्याशिवाय आणायची नाही अशी तंबी मला.

नावाचा अर्ज ओरोसच्या आरटीओत गेला, विमा चालू असल्याची खात्री केली, तेव्हाच किल्ली घेतली. आधी अंगणातच दहा वेळा ब्रेक दाबून बघितले. ऑक्टोबरची दुपार होती, अंधाराच्या आत पोचायचं होतं. नेरूर, धामापूर, चौके. वळणावर चिऱ्याच्या ट्रकमधून सांडलेली लाल खडी असते, तिथे ब्रेक लावायचा नसतो, आधीच हळू व्हायचं असतं. हे भाऊ मागून बाइकवर ओरडून सांगत होता. धामापूरच्या तलावाशी थांबलो, कारण माझे हात थरथरत होते. पन्नाससाठ किलोमीटर रोज चालवणाऱ्यांना यात काही वाटणार नाही. मला वाटलं.

घरी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांनी गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे "व्हय म्हाराजा" म्हणालो. आजी पडवीतच बसून होती, उठली नाही.

महिन्याने पोस्टमन आरसी घेऊन आला. आजीने कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मला परत दिलं. "वाच बघया, नाव कोणाचा?"

मी वाचलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग कार्ड घेऊन आत गेली आणि आजोबांच्या नोटिशीच्या पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. पोलिसांना मी सध्या डिजिलॉकरमधलंच दाखवते.