पासोडी ते बीमर

मंडळी, अंबाजोगाईत उभं राहून दासोपंतांना (१५५१–१६१५) वगळून कसं चालेल? त्यांची पासोडी म्हणजे सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद कापड. त्यावर पंचीकरण लिहिलेलं आणि आकृत्यांनी मांडलेलं. प्रत्येक महाभूतात अर्धा भाग स्वतःचा, उरलेला अर्धा बाकीच्या चौघांचा, प्रत्येकी अष्टमांश. हे नुसतं ऐकून श्रोता हरवतो, मांडून दाखवलं की कळतं. आम्ही तर तिला व्याख्यानाची स्लाइडच म्हणतो!

आता अलीकडचं. डोनाल्ड नूथ यांनी १९७७ मध्ये ‘टेक’चं काम हाती घेतलं, कारण स्वतःच्या पुस्तकाची छपाई त्यांना पसंत पडेना. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांचं ‘लाटेक’ आलं आणि २००३ मध्ये टिल टांटाऊ यांनी आपल्या पीएच.डी.च्या सादरीकरणासाठी स्लाइडचं ‘बीमर’ रचलं. यात आपण फक्त सांगायचं की हे शीर्षक, ही यादी, हे सूत्र. दिसायचं कसं, ते यंत्र ठरवतं. आशय आणि रूप वेगळे. तत्त्वज्ञानवाल्यांना हे नवं नाही.

आमची निवड मात्र वेगळ्या कारणाने झाली. जुन्या मराठी फॉन्टमधली आमची टिपणं आज उघडली की नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमधला साधा मजकूर कोणत्याही संगणकावर वाचता येतो. ‘झीटेक’ वापरलं की त्यातली जोडाक्षरंही नीट उमटतात. आकृती काढायला मात्र हे साधन फार किचकट. तिथे आम्ही अजून कागद-पेन्सिलच घेतो, आणि फोटो काढून स्लाइडमध्ये टाकतो.