हिंदू–ख्रिस्ती वादविवाद (एकोणिसावे शतक)

एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि मुंबईबाहेरील मराठी विद्वानांमध्ये हिंदू पंडित व ख्रिस्ती मिशनरी यांच्यात जी धर्मविषयक खंडनमंडने झाली, त्यांना हिंदू–ख्रिस्ती वादविवाद असे संबोधले जाते. प्रतिपक्षाला स्वतःचा धर्मग्रंथ प्रमाण म्हणून मान्य नसल्याने दोन्ही बाजूंना तर्काचा आधार घ्यावा लागला, हे या वादांचे वैशिष्ट्य होय.

पार्श्वभूमी

१८१३ च्या सनदेनंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रदेशात मिशनऱ्यांना प्रवेश मिळाला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले व त्यांनी जाहीर वादाचे आवाहन केले. मोरभट दांडेकर यांनी ते स्वीकारले. दांडेकरांचा ‘हिंदुधर्मस्थापना’ हा ग्रंथ १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि विल्सन यांनी १८३२ मध्ये त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले.

प्रमुख युक्तिवाद

मिशनऱ्यांचा रोख मूर्तिपूजा, अद्वैतमत आणि पुराणांतील देवकथा यांवर असे. ज्याचे आचरण नीतीला धरून नाही, तो ईश्वर कसा, असा त्यांचा प्रश्न होता. हिंदू पक्षाचे प्रश्नही तितकेच मूलभूत होते. सर्वज्ञ व दयाळू ईश्वराने पाप निर्माण का होऊ दिले? तारणाचा मार्ग एकच असेल, तर तो इतक्या उशिरा व एकाच देशात का प्रकट झाला?

जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून खरा धर्म ओळखण्याच्या कसोट्या मांडल्या. संस्थापकाचे चमत्कार, ग्रंथाचे पावित्र्य आणि त्याची सार्वत्रिकता या त्या कसोट्या होत. सीहोर येथील ज्योतिषी सुबाजी बापू यांनी त्याच वर्षी ‘सोमनाथ’ या नावाने दिलेल्या उत्तरात असे प्रतिपादन केले की, सर्व धर्म ईश्वरानेच दिलेले असल्याने स्वधर्म सोडण्याचे कारण नाही. काशीचे नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथात वेगळी भूमिका घेतली. नवजात बालकाच्या दुःखाची संगती पूर्वकर्माशिवाय लागत नाही, असे ते म्हणत. मात्र शास्त्राचा आधार नसलेला तर्क त्यांना मान्य नव्हता. पुढे १८४८ मध्ये त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८६० मध्ये ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून हिंदू दर्शनांचे खंडन केले.

समुद्रकिनाऱ्यावरील वाद

१८५७ मध्ये जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत विष्णुबुवा ब्रह्मचारी (विष्णु भिकाजी गोखले, १८२५–१८७१) यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोएन यांनी त्याचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी प्रसिद्ध केला. विष्णुबुवांनी आपली बाजू १८५९ च्या ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ या ग्रंथात विस्ताराने मांडली. मूळ वेदोक्त धर्म बुद्धीला पटणारा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामुळे रूढींचे समर्थन करणे त्यांना शक्य राहिले नाही. वर्ण जन्मावरून नव्हे, तर गुणकर्मावरून ठरावा आणि विधवांना पुनर्विवाहाची मुभा असावी, अशी मते त्यांनी मांडली.

सामाजिक परिणाम

या वादांचा निर्णय केवळ सभेत होत नसे. त्याची झळ कुटुंबांनाही लागे. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. न्यायालयाच्या आदेशाने तो पित्याकडे परतला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे, यासाठी बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला. सनातन्यांनी त्यास तीव्र विरोध केला. परधर्मीयांशी सुरू झालेला वाद अशा रीतीने हिंदू समाजातील अंतर्गत वाद बनला. नारायण शेषाद्री यांनी पुढे मराठवाड्यात जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत स्थापन केली.