कौल : एका माफीची कुळकथा

देवाला लावतात तो कौल, निवडणुकीत मतदार देतात तोही कौल. शब्द मूळचा अरबी, अर्थ वचन. पण मराठी मुलखात एके काळी कौल म्हणजे सरकारचा कागद होता. दुष्काळाने किंवा लुटीने गाव ओस पडले की रयतेला, वाण्या-उदम्यांना लेखी भरवसा दिला जाई : अमुक वर्षे सारा नाही, जकात नाही, बेलाशक येऊन राहा.

या कौलाचा धाकटा भाऊ इस्तावा. पडीक जमिनीवर पहिल्या साली नाममात्र सारा, मग दरसाल चढता. समजा, पुरता सारा चार रुपये; तर पहिल्या साली एक, दुसऱ्या साली दोन, तिसऱ्या साली तीन. चौथ्या साली सवलत संपली.

धुळे अशाच सवलतींवर उभे राहिले. १८०३ मध्ये होळकरांची लूट आणि दुष्काळ यांनी ते उजाड झाले. पुढच्या वर्षी पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले आणि त्याबद्दल इनाम मिळवले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. त्यांचा अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याच्या ठाण्यासाठी धुळे निवडले, तेव्हा पांझरेकाठी ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. त्याने घरांसाठी जागा दिल्या, त्यांचे भाडे कायमचे माफ केले. व्यापाऱ्यांना बोलावणे धाडले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. घर बांधायला उचल दिली, लांबून कारागीर आणून कचेऱ्या उभ्या केल्या. कचेरी आली की पक्षकार येतात, पक्षकारामागे वकील, आणि त्या सगळ्यांना धान्य-कापड लागतेच. १९०१ च्या शिरगणतीत धुळ्याची वस्ती २४,७२६ भरली.

जळगावचे नशीब वेगळ्या वाटेने उघडले. १८६० नंतर अमेरिकेतल्या यादवीने कापसाला भाव आणला, त्याच सुमारास आगगाडीही आली, आणि बाजार फुगला.

स्वातंत्र्यानंतर कौल नव्या नावाने परतला. १९६४ मध्ये महाराष्ट्राने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली : मुंबई-पुण्याबाहेर कारखाना काढा, सवलत घ्या. पुढे विक्रीकराची माफी हे तिचे मोठे आमिष ठरले. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि कागदाची तऱ्हा फिरली. जुना कौल कर घेतच नसे. आता उद्योजकाने कर आधी भरायचा आणि सरकारने त्याचा हिस्सा मागाहून परत करायचा. म्हणजे वचन पाळले जाते की नाही, हे परतावा खात्यात पडेल तेव्हा कळणार.

या योजनेच्या २०१९ च्या आवृत्तीत, जादा सवलतीच्या यादीत विदर्भ-मराठवाड्याच्या जोडीला धुळ्याचेही नाव होते. इस्ताव्यात शेवटचे साल आधीच ठरलेले असे. त्या साली पुरता सारा आला, की जमीन उठली असे समजत. धुळ्याच्या नावापुढे ते साल अजून कोणी लिहिलेले नाही.