गुणांची सरासरी आणि परदेश

बऱ्हाणपूरनजीकच्या बहादरपूरचा एखादा विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघाला, तर त्याची गुणपत्रिका तेथे उलटी करून वाचावी लागते; कारण तेथे १ हाच सर्वोत्तम अंक.

मुंबई विद्यापीठातून १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानड्यांना प्रथम वर्ग मिळाला, हेच चरित्रकारांनी नोंदविले. ‘वर्ग’ सांगितला की भागत असे. २०१५ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने १० अंकांची श्रेणीपद्धती पुढे आणली. तीत विषयाचा भार, म्हणजे श्रेयांक, महत्त्वाचा. ४ श्रेयांकांच्या विषयात ८ आणि २ श्रेयांकांच्या विषयात ५ अंक पडले, तर ३२ व १० मिळून ४२. त्यास ६ ने भागता सरासरी ७. साडेसहा नव्हे!

जर्मनीतील ‘बव्हेरियन सूत्र’ उत्तीर्णतेचा अंक ४ धरून या ७ चे २.५ करते, तेथे ती ‘चांगली’ श्रेणी. अमेरिकेत मोजणी ४ पैकी. कोणी केवळ त्रैराशिक मांडले, तर २.८ येतात, आणि पुष्कळ ठिकाणी अट ३ ची! हिशेब बिनचूक, पण न्याय नव्हे. परीक्षकाचा हात किती आखडता होता, हे त्रैराशिकास कसे कळावे? म्हणून तेथील बरीच विद्यापीठे मूळ गुणपत्रिकाच मागवितात. विद्यार्थ्याने आकडा स्वतः न बदलता, श्रेणींच्या कोष्टकासह ती जशीच्या तशी धाडावी.