सास्तूरचा ‘स’ आणि फोनमधली फाइल

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून गावं नुकती निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, आणि लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांच्या शिवेवरच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती अन् त्यांच्यावरची मातीची माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. सास्तूर त्यातलंच एक गाव. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या जवळ गेला. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली.

त्या पहाटे मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार जागे होते. खिडक्या थरथरल्या तेव्हा त्यांनी आधी कोयनेला फोन लावला. १९६७पासून भूकंप म्हटलं की महाराष्ट्राला कोयनाच आठवायची. तिकडून उत्तर आलं की केंद्र कोयनेत नाही, किल्लारीच्या बाजूला आहे. हा प्रसंग पवारांनी पुढे सांगितला, म्हणून तो कळतो. एवढ्या मोठ्या घटनेची पहिली बातमी ज्या बोलण्यातून कळली, ते बोलणं आपल्यापर्यंत पोचलं ते बोलणाऱ्याच्या आठवणीतून.

तोवर फोनवरचं बोलणं मागे न राहण्याचाच रिवाज होता. ट्रंक कॉल बुक करायचा, तासन्‌तास वाट बघायची आणि लागला की ओरडून बोलायचं. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले. बाहेर पडताना हातात चिठ्ठी मिळे, तिच्यावर नंबर, वेळ आणि पैसे. काय बोलणं झालं ते ज्याचं त्याच्यापाशी.

खरं तर चुंबकाच्या साहाय्यानं आवाज साठवणारं यंत्र झालं तेच टेलिफोनपायी. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम केलेल्या वाल्डेमार पौल्सेनने १८९८ साली पोलादी तारेवर आवाज उमटवणारं यंत्र केलं. घरी कुणी नसताना आलेला निरोप राहावा, हा त्यामागचा हेतू. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यानं ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याचा आवाज टिपला. तो आजही ऐकता येतो.

महाराष्ट्रात फोनचं रेकॉर्डिंग गाजलं ते लाचेच्या प्रकरणात. १९६४ साली मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांनी एका डॉक्टरकडे पैसे मागितल्याची तक्रार झाली. पोलिसांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या घरी, त्याच्या संमतीनं, टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला. तिथून कॉरोनरना फोन लावला गेला आणि बोलणं फितीवर उतरलं. चोरून ऐकलेलं बोलणं पुरावा कसा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७२ साली न्यायालयानं म्हटलं की बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या मर्जीनं केलेलं हे रेकॉर्डिंग ग्राह्य आहे. सरकारनं तिऱ्हाइतासारखं मधूनच ऐकणं मात्र वेगळं. फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचाच भाग आहे, हे त्याच न्यायालयानं १९९६ साली बजावलं.

मलकानींच्या वेळी यंत्र, फीत, अधिकारी असा सगळा सरंजाम लागला. आज तेच काम खिशातल्या फोनमधलं एक बटण करतं. जमिनीचा व्यवहार, मुकादमाची उचल, सोयाबीनचा भाव, कुठल्याही बोलीत कुणीतरी हळूच म्हणतं, ‘रेकॉर्डिंगला टाकलंय, पुरावा राहू दे.’ पण फाइल असली म्हणून पुरावा झाला असं नाही. हा धडा मराठवाड्यातल्याच एका खटल्यानं देशाला दिला. २०१४च्या निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रीकरणावर येऊन ठेपला. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ यंत्रच कोर्टात आणा, नाहीतर नकलेसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवं. क्लिप व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फोन विकून टाकणाऱ्यानं हा निकाल लक्षात ठेवावा.

टेलिफोन कंपन्याही आपल्या फोनची नोंद ठेवतात. कुणी, कुणाला, कधी, किती वेळ, कुठल्या टॉवरवरून. ही नोंद आधी वर्षभर जपावी लागे, डिसेंबर २०२१पासून दोन वर्षं. त्यात शब्द एकही नसतो. एसटीडी बूथची ती चिठ्ठीच जणू मोठी झाली आहे.

शब्द फोनमध्ये असतात, तेही पुरते नाहीत. जुनी टेलिफोन व्यवस्था साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पुढे नेते, आणि ‘स’चा सीत्कार बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून अशा फोनवर ‘स’ आणि ‘फ’ एकमेकांत मिसळतात. सास्तूर या नावात तर ‘स’ दोनदा येतो. त्याच अरुंद पट्ट्यातलं तासाभराचं बोलणं एएमआर फाइलमध्ये साडेपाच एमबीत मावतं. एका फोटोएवढी जागा.

एवढीशी जागा, पण तिच्यात ‘जायलो’, ‘करायलास’ बोलणारी अख्खी बोली असते. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं. गावोगावच्या माणसांना बोलतं करून, कोण बोललं आणि कुठलं, याच्या नोंदीसह आवाज ठेवला. अशी नोंद असली तरच आवाज पुढच्या माणसाच्या कामाला येतो. घरच्या फोनमधल्या फाइलवर तेवढंही नसतं. नाव म्हणजे दहा आकडी नंबर, पुढे तारीख, पुढे वेळ.

मे २०२२मध्ये गूगलनं बाहेरच्या ॲपना फोन रेकॉर्ड करायची वाट बंद केली. बऱ्याच फोनमध्ये आता बटण दाबलं की समोरच्याला ‘रेकॉर्डिंग सुरू आहे’ असं ऐकू जातं. खासगीपणासाठी हे रास्तच. पण त्यानंतर म्हातारं माणूस बोलता बोलता अवघडतं, हेही खरं.

भूकंपाच्या वेळी तिशीत असलेली सास्तूरची माणसं आता साठी ओलांडून गेली आहेत. मुलं पुण्यात, सोलापुरात. रात्री जेवणं झाली की फोन येतो. ‘जेवलास का? काय करायलास?’ मग पाऊस, मग सोयाबीन. आणि मधेच, कशाचं काही नसताना, ‘त्या रातीला...’ अशी सुरुवात होते. मुलगा ऐकत राहतो, फोन टिपत राहतो. दोन वर्षांनी तो नवा हँडसेट घ्यायला जातो. दुकानदार फोटो आणि नंबर नव्या फोनमध्ये घेतो, जुना फोन रीसेट करतो आणि काउंटरखाली ठेवून देतो.