बेरिंगचे नाव आणि बेरिंगचे माप

१९४८ नंतर आपले लोक इस्राएलला येऊ लागले. त्यांत कारकून होते, शिक्षक होते, परिचारिका होत्या; तसेच मुंबईच्या रेल्वे वर्कशॉपांत आणि गिरण्यांत हात काळे केलेले फिटर व टर्नरही होते. भाषा नवी, हवा नवी; पण येथल्या मुसाखमध्ये, म्हणजे मोटार गॅरेजमध्ये, एक गाडी त्यांच्या ओळखीची होती. ती म्हणजे विलिज जीप. महायुद्धातून उरलेल्या जीपा दोन्ही देशांत धावत होत्या, आणि महिंद्र कंपनीने तर माझगावलाच जीप जोडण्याचे काम सुरू केले होते. परकीय चलनाची टंचाई मात्र इकडेही तीच. १९४९ ते १९५९ हा येथे ‘त्सेना’चा, म्हणजे काटकसरीचा काळ. सुटा भाग मिळाला नाही, तर दुसऱ्या गाडीचा बसवून पाहणे भाग होते. इंजिनाच्या बेरिंगांबाबत ही जुळवाजुळव कशी होई, हे समजून घेण्यासारखे आहे.

पूर्वी असा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत आयझॅक बॅबिट याने १८३९ मध्ये कथील, तांबे व अँटिमनी यांचा मऊ मिश्रधातू बेरिंगसाठी काढला. कारागीर तो ‘व्हाइट मेटल’ वितळवून थेट कनेक्टिंग रॉडमध्ये ओतीत, मग क्रँकला निळा रंग लावून, जेथे डाग उमटेल तेथे खरवडीत. प्रत्येक बेरिंग त्या एका इंजिनापुरतेच असे. फोर्डच्या मॉडेल ‘टी’मध्ये हीच पद्धत होती.

१९३० नंतरच्या दशकात पातळ शेल बेरिंगे प्रचारात आली. पोलादी पाठीवर बेरिंगच्या धातूचा पातळ थर, अशा दोन अर्धगोल पट्ट्या. जुनी काढा, नवी बसवा. खरवडणे संपले, पण दुकानदारावर अवलंबून राहणे सुरू झाले. त्याचबरोबर एक नवी सोयही झाली : ठरीव मापाचा भाग दुसऱ्या गाडीतून उसना घेता येऊ लागला.

जीपचेच उदाहरण घ्या. १९५३ च्या सीजे-३बी जीपमध्ये इंजिनाचा वरचा भाग बदलला, ते उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. पण क्रँकचे माप जुनेच राहिले. रॉडच्या जागी सुमारे १.९३८ इंच आणि मुख्य बेरिंगच्या जागी सुमारे २.३३३ इंच. इंजिनाचे नाव निराळे, तरी शेल जुन्या जीपला चालत.

याच्या उलट प्रकार ट्रायंफचा. त्यांच्या १२९६ सीसी इंजिनाचे आकारमान तेच राहिले, पण १९७० मध्ये आलेल्या स्पिटफायर मार्क-४ मध्ये रॉडची बेरिंगे मोठी केली गेली. हैफाच्या ऑटोकार्स कंपनीनेही ट्रायंफची १३०० ची इंजिने वापरली होती. अशा इंजिनाला केवळ ‘१३०० चे शेल द्या’ म्हणून भागत नसे. क्रँक मोजावाच लागे.

दुसऱ्या गाडीचे शेल घेताना आधी रॉडचे भोक व शेलचा बाहेरचा व्यास जुळला पाहिजे. मग जाडी, रुंदी, अडकवण्याची जीभ आणि तेलाचे छिद्र पाहावयाचे. शेल किंचित रुंद असेल तर कडा कमी करता येतात, जीभ वेगळ्या जागी असेल तर नवी खाच पाडता येते. पण तेलाचे छिद्र झाकले गेले तर सर्व मेहनत फुकट. क्रँक घासून त्या शेलच्या मापाला आणता येतो. एका इंचाला सुमारे एक हजारांश इंच, एवढीच तेलासाठी फट ठेवावयाची. माणसाचा केससुद्धा साधारण तीन हजारांश जाड असतो! घासताना क्रँकच्या कोपऱ्यातील गोलाई जपावी लागते; तेथे धारदार कोन राहिला, तर पुढे क्रँक तेथूनच तुटतो.

जुन्या कारागिरांना एक सवय मोडावी लागली. व्हाइट मेटलच्या काळात बेरिंग सैल झाले की टोपीखालची पत्री काढून किंवा टोपी घासून ते आवळीत. शेलला हे चालत नाही. टोपी घासली की भोक लंबगोल होते आणि शेल दोन बाजूंनी क्रँकला चिमटा घेते.

या कामाला कोणी ‘देशी खटपट’ म्हणून नाक मुरडले, तर ते बरोबर नाही. न मोजता बसवले तर ती खटपट; मायक्रोमीटर लावून बसवले तर ती इंजिनिअरिंग. हिब्रू धड न येणाऱ्या फिटरला या देशात बोलून आपली लायकी पटवता येत नव्हती, पण हजारांश इंच मुंबईत जेवढा तेवढाच हैफातही होता. आणि चालत्या इंजिनात क्रँक शेलला टेकत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. कोकणात ज्यांना शनवार तेली म्हणत, त्यांच्या नातवंडांना तेलाचे मोल निराळे सांगायला नको.